अर्ज आला नाही, म्हणजे एनपीएस आवडली असं नव्हे

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,


मी पोस्ट खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीला लागलो ते २००४ च्या बऱ्याच आधी. त्यामुळे मला जुनी पेन्शन आहे. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि माझ्यामागे पत्नीला कौटुंबिक पेन्शन. यासाठी मला कधी दोन योजनांची तुलना करावी लागली नाही, शेअर बाजाराकडे बघावं लागलं नाही, पगारातून पेन्शनसाठी एक रुपया कापून द्यावा लागला नाही. ज्याला निवड करावीच लागली नाही त्याने दुसऱ्यांच्या निवडीबद्दल पत्र लिहावं, हे जरा विचित्र आहे याची मला कल्पना आहे. पण हिशेबाची सवय आणि मोकळा वेळ या दोन्ही गोष्टी माझ्याकडे असल्यामुळे २०२५ चं जवळजवळ सगळं वर्ष जुने सहकारी आणि त्यांचे ओळखीचे माझ्याकडे येत राहिले. कुणी पे-स्लिप घेऊन, कुणी मोबाइलवर राष्ट्रीय पेन्शन प्रणालीतल्या, म्हणजे एनपीएसमधल्या प्रान खात्याचं स्टेटमेंट उघडून. प्रश्न सगळ्यांचा एकच: "साहेब, यूपीएस घेऊ का एनपीएसच राहू दे?"

आपल्या मंत्रालयाने २४ जानेवारी २०२५ ला एकीकृत पेन्शन योजनेची, म्हणजे यूपीएसची अधिसूचना काढली आणि १ एप्रिलपासून ती लागू झाली. निवड करण्याची मुदत आधी ३० जून होती, मग ३० सप्टेंबर झाली, मग ३० नोव्हेंबर. एनपीएसमध्ये असलेले केंद्रीय कर्मचारी २३ लाखांच्या घरात. त्यांपैकी यूपीएसकडे वळले ते सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे शंभरात जेमतेम पाच. यावरून दिल्लीत कुणी असा निष्कर्ष काढला असेल की कर्मचारी एनपीएसवर खूश आहेत, तर तो दुरुस्त करावा म्हणून हे पत्र. ज्याने अर्ज भरला नाही तो आपोआप एनपीएसमध्ये राहिला, असा नियम होता. शंभरातल्या उरलेल्या ९५ जणांमध्ये विचार करून थांबलेले किती आणि नुसतेच गोंधळून बसलेले किती, हे आपल्या आकड्यांत दिसणार नाही. मला जे दिसलं ते सांगतो.

एक पोस्टमन आहेत. नाव राहू द्या. १९९० च्या दशकात ते ग्रामीण डाक सेवक म्हणून लागले. सायकलवर तीन गावं, हंगामात ओढ्याला पाणी आलं की थैली डोक्यावर. परीक्षा देऊन खात्यात पोस्टमन झाले ते २०१२ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. डाक सेवक म्हणून केलेली नोकरी पेन्शनसाठी धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तसंच ठरवलं. तेव्हा खात्याच्या लेखी त्यांची सेवा सुरू होते २०१२ पासून आणि २०२७ मध्ये ते साठ वर्षांचे होतील तेव्हा ती भरेल फक्त १५ वर्षं. त्यांचा मूळ पगार निवृत्तीच्या वेळी ३०,००० धरू आणि महागाई भत्ता ५८ टक्के. एनपीएसच्या खात्यात तोवर १८ लाख जमतील असं मानू.

यूपीएसचं गणित असं. पूर्ण निम्मा पगार मिळायला २५ वर्षं लागतात. १५ वर्षांना त्या प्रमाणात, म्हणजे ९,०००. पण दहा वर्षांहून जास्त सेवा असेल तर किमान १०,००० ची हमी आहे, त्यामुळे त्यांना १०,००० लागू होतील. त्यावर महागाई भत्ता धरून १५,८०० महिना. शिवाय दर सहा महिन्यांच्या सेवेला पगार आणि महागाई भत्त्याच्या एक दशांश याप्रमाणे एकरकमी १,४२,२००. त्यांच्यामागे पत्नीला साठ टक्के, म्हणजे त्याच भत्त्याने ९,४८०. खात्यातले १८ लाख मात्र त्यांचे राहणार नाहीत. ते सामाईक निधीत जातील. साठ टक्क्यांपर्यंत रक्कम काढून घेता येते, पण मग तेवढ्याच प्रमाणात पेन्शन घटते.

एनपीएसमध्ये साठ टक्के, म्हणजे १०,८०,००० हातात. उरलेल्या ७,२०,००० ची वार्षिकी घ्यावी लागते. साडेसहा टक्के दर मिळाला तर महिन्याला ३,९००. हा आकडा पहिल्यांदा बघितला की माणूस गारठतो. पण मी पोस्टातला असल्यामुळे पुढचं गणितही मला करावंसं वाटलं. हातातले १०,८०,००० ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला ७,३८० सुटतात. एकूण झाले ११,२८०. भाव वाढले तरी ही रक्कम वाढणार नाही. पण मूळ १८ लाख शाबूत राहतील आणि नवराबायकोच्या मागे मुलांना मिळतील.

म्हणजे एकीकडे दरवर्षी वाढत जाणारे १५,८००, नवराबायकोच्या मागे काही नाही. दुसरीकडे जागच्या जागी थिजलेले ११,२८०, मागे १८ लाख. हे एका पानावर मांडल्यावर त्या पोस्टमनांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "हे आम्हाला कुणी असं का नाही सांगितलं?"

महोदया, माझा आपल्याला पहिला प्रश्न हाच आहे.

सांगण्याची व्यवस्था होती, हे मी नाकारत नाही. परिपत्रकं होती, इंग्रजी-हिंदीतल्या शंका-समाधानाच्या लांबलचक याद्या होत्या, संकेतस्थळावर कॅल्क्युलेटरही होता. पण त्या कॅल्क्युलेटरमध्ये पगार दरसाल किती टक्क्यांनी वाढेल, फंड किती टक्के परतावा देईल, वार्षिकीचा दर काय असेल, हे भरायचं होतं कर्मचाऱ्यानेच. ज्या गोष्टी निवृत्तिवेतनाचे तज्ज्ञ छातीठोकपणे सांगू शकत नाहीत, त्या पत्रं वाटणाऱ्या माणसाने चौकटीत भरायच्या. आठ टक्के टाकले की यूपीएस चांगली दिसते, अकरा टाकले की एनपीएस. एका तरुण सॉर्टिंग असिस्टंटने दोन्ही टाकून बघितले आणि मोबाइल खिशात घातला.

खरं तर परताव्याचा प्रश्न त्या निवडीत निम्मासुद्धा नाही. कुणी आलं की मी विचारत असे: पत्नी आहे का, वयाने किती लहान आहे? घर स्वतःचं आहे का? कर्ज किती? मुलगा कमावता आहे की अजून परीक्षाच देतोय? साखर, ब्लड प्रेशर आहे का? आई-वडील किती वर्षं जगले? एक जण हसून म्हणाला, "साहेब, पेन्शन सांगताय का सोयरीक जमवताय?" पण खरं तेच आहे. दोन योजनांत ठरवायचं असतं ते हे: माणूस आणि त्याची बायको किती जगतील, आणि हातात आलेला पैसा घरात टिकेल का.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी पोस्टाच्या काउंटरमागे बसून आयुष्यभर पाहिलंय. निवृत्तीचे पैसे येतात तेव्हा त्यांच्यावर आधीच चार दावे लागलेले असतात. मुलीचं लग्न, वरच्या मजल्याचा स्लॅब, मुलाचा धंदा, भावाची उसनवारी. ज्येष्ठ नागरिक बचत खातं उघडायला आलेला माणूस वर्षभरात ते मोडायला आलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्याच्या शेजारी मुलगा उभा असतो. कायद्याने त्यात काही चूक नाही. माझ्या हिशेबातले ते ७,३८० रुपये महिना कागदावर सुंदर दिसतात. किती घरांत ते वर्षानुवर्षं येत राहतील, याबद्दल मला शंका आहे. म्हणून त्या पोस्टमनांना मी यूपीएस घ्या म्हणालो. पगार कमी, सेवा कमी, पत्नी वयाने दहा वर्षांनी लहान. त्यांच्यासाठी किमान १०,००० ची हमी ही या योजनेतली सर्वांत मौल्यवान ओळ आहे, आणि तीच त्यांना ठाऊक नव्हती.

पण सगळ्यांना मी तेच सांगितलं नाही. चोविसाव्या वर्षी पोस्टल असिस्टंट झालेली एक मुलगी आहे. साठाव्या वर्षापर्यंत ३६ वर्षं सेवा. यूपीएसमध्ये निम्म्या पगाराची मर्यादा पंचवीस वर्षांनी गाठली जाते. पुढची अकरा वर्षं ती दरमहा दहा टक्के भरत राहील, पण पेन्शनच्या टक्क्यात त्याने भर पडणार नाही. पगार वाढेल तेवढीच काय ती वाढ. छत्तीस वर्षं चक्रवाढीने वाढलेला निधी सोडून हमी घ्यायची का, हा तिच्या बाबतीत खरोखर अवघड प्रश्न आहे. आणि नव्या माणसाला आपण वेळ दिलाय रुजू झाल्यापासून ३० दिवस. त्या ३० दिवसांत त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, भाड्याची खोली, हे सगळं व्हायचं असतं. साठाव्या वर्षी आपल्याला काय हवं असेल हे त्यातच ठरवा म्हणणं म्हणजे न ठरवण्याचीच सोय करणं आहे.

यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. यूपीएस घेतलेल्या माणसाला निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत एकदा एनपीएसमध्ये परत जाता येतं. दोन योजनांतल्या सरकारच्या वर्गणीतला चार टक्क्यांचा फरकही तेव्हा त्याच्या खात्यात जमा होतो. उलट दिशेने मात्र वाट नाही. मुदत संपली की एनपीएसवाल्याला यूपीएसचं दार बंद. म्हणजे जो अर्ज भरतो त्याला परतीचा रस्ता आहे, आणि जो काहीच करत नाही त्याचा निर्णय कायमचा. एवढी एक गोष्ट लोकांना ठळकपणे कळली असती, तर "आत्ता घेऊन ठेवू, नंतर बघू" असं म्हणणारे हजारो निघाले असते. माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांची समजूत नेमकी उलटी होती: सही केली की अडकलो, नाही केली की मोकळे.

सही न करण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते आपल्याला ठाऊक आहेच. लोकांना जुनी पेन्शन हवी आहे. आमच्या महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संपावर होते. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे परतण्याचे निर्णय घेतले. आपणही २०२३ मध्येच पेन्शनचा विचार करायला सोमनाथन समिती नेमली, आणि तिच्यातूनच यूपीएस आली. तेव्हा कर्मचाऱ्याच्या मनात गणित साधं असतं: इतकं ओढल्यावर इतकं सुटलं, आणखी ओढलं तर आणखी सुटेल. यूपीएस घेतली तर आपण समाधानी झालो असं नोंदलं जाईल, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली. जुन्या पेन्शनचा बोजा पुढच्या पिढीच्या करातून उचलावा लागतो, हा आपला मुद्दा मला मान्य आहे. माझी पेन्शन माझ्या नातवंडांच्या करातून येते, हे मी विसरत नाही. पण जुनी पेन्शन येणार नसेल तर तसं एकदा स्वच्छ सांगून टाकणं बरं. आशेवर ठेवलेला माणूस हातातली संधी सोडतो.

आता दुसऱ्या एका घरातली गोष्ट. एका लेखनिकाची मुलगी जन्मतः मतिमंद आहे, आता तिशीत आहे. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांना पैशांचे आकडे नको होते. त्यांचा एकच प्रश्न होता: आम्ही दोघं गेल्यावर तिला काय? जुन्या पेन्शनमध्ये अशा मुलाला वा मुलीला हयातभर कौटुंबिक पेन्शन मिळते. यूपीएसमध्ये निवृत्तीनंतरचा लाभ फक्त पत्नीला वा पतीला. दोघंही गेल्यावर मुलीसाठी काही उरत नाही. एनपीएसमध्ये निदान वार्षिकीची मूळ रक्कम वारसाला परत मिळू शकते. त्यात भर अशी की कर्मचारी सेवेत असताना दगावला, तर कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे कौटुंबिक पेन्शनचा पर्याय आहे, यूपीएसमध्येही. म्हणजे हे गृहस्थ नोकरीत असताना गेले तर मुलगी आयुष्यभर सुरक्षित. साठ वर्षं पूर्ण करून, सन्मानाने निरोप घेऊन, पुढे दहा वर्षांनी गेले तर नाही. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जिवंत राहणं महागात पडणार." मी त्यांना एनपीएस सोडू नका म्हणालो. त्या घरासाठी तेच बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं. पण हमी देणाऱ्या योजनेत ज्याला हमीची सर्वांत जास्त गरज आहे त्याच मुलीला जागा नसावी, यामागे काय विचार झाला हे मला आपल्याकडून ऐकायला आवडेल. अशी घरं काही लाखांनी नसतील. सरकार पगाराच्या साडेआठ टक्के ज्या सामाईक निधीत भरतं, त्याच्यावर त्यांच्यामुळे फार ताण येईल असं मला वाटत नाही.

स्वेच्छानिवृत्तीबद्दल थोडक्यात. वीस वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण यूपीएसची पेन्शन सुरू होते नेहमीच्या निवृत्तीचं वय येईल तेव्हा. पन्नाशीत गुडघे गेलेल्या पोस्टमनला दहा वर्षं काय खायचं, याचं उत्तर नियमांत नाही.

आणि आठवा वेतन आयोग. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाच्या कार्यकक्षेला आपल्या मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ ला मंजुरी दिली आणि अहवालासाठी १८ महिने दिले. यूपीएसची मुदत संपली त्यानंतर महिन्याभराने. यूपीएसची हमी कशाच्या निम्मी? मूळ पगाराच्या. तो मूळ पगार आयोगानंतर किती असेल हे कुणालाच माहीत नसताना त्याच्या निम्म्याबद्दल कायमचा निर्णय मागितला गेला. आयोगाचा अहवाल आल्यावर त्या पोस्टमनचे ३०,००० कुठे गेलेले असतील? निवडीचा सगळा तोलच त्याने बदलतो. खासगी बँकेने ग्राहकाकडून असा करार करून घेतला असता, तर रिझर्व्ह बँकेने तिला जाब विचारला असता.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. आयोगाच्या शिफारशी लागू झाल्यावर सहा महिन्यांसाठी यूपीएसचं दार पुन्हा उघडा. त्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या नावाचा एक कागद द्या. सेवा किती वर्षं, मूळ पगार किती, प्रान खात्यात आज किती. यूपीएस घेतली तर महिन्याला किती आणि मागे किती, एनपीएस ठेवली तर महिन्याला किती आणि मागे किती. हा हिशेब सरकारने करायचा, कारण सेवापुस्तक सरकारकडे आहे आणि खात्याचे आकडेही. परताव्याचा एकच दर न धरता तीन दर धरून दाखवा. कागद त्या त्या राज्याच्या भाषेत असावा. आमच्याकडे मराठीत. खाली ठळक अक्षरांत लिहा की यूपीएसमधून परत जाता येतं, एनपीएसमधून येता येत नाही. नव्या भरतीतल्या मुलांना ३० दिवसांऐवजी निदान परिवीक्षा संपेपर्यंतचा वेळ द्या. आणि अपंग अपत्याची तरतूद नियमांत आणा.

महाराष्ट्र सरकारने २५ ऑगस्ट २०२४ ला, आपल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी, यूपीएस स्वीकारायचं ठरवलं. राज्याची स्वतःची सुधारित योजनाही आहे. म्हणजे इथल्या शिक्षकापुढे, तलाठ्यापुढे दोन नव्हे तर तीन रस्ते आहेत. तेही आता पे-स्लिप घेऊन येऊ लागले आहेत. दिल्लीने असा कागद काढला तर मुंबईलाही तो काढावा लागेल, अशी माझी अटकळ आहे.

ते पोस्टमन ३० नोव्हेंबरच्या आधी अर्ज भरू शकले, हेही कळवतो. संकेतस्थळावर त्यांचा ओटीपी जुन्या नंबरवर जात होता, म्हणून शेवटी कागदी फॉर्म भरून दिला. पोच घेऊन ठेवली आहे. मंजुरीचं पत्र हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर
सातारा जिल्हा